उत्पन्नाचा रकाना

धारूर, जि. बीड
नोव्हेंबर २०२५

माननीय मंत्रिमहोदय,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



यंदा दिवाळीच्या आधी एके सकाळी, बालाघाटाच्या डोंगरातली सिताफळे पाटीत घेऊन बाजाराला निघालेली आमच्या गल्लीतील एक बाई माझ्या ओसरीवर टेकली आणि पाटी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "गुरजी, माझं वय साल-दोन साल कमी लिवता येतं का बघा की." ऐंशी वर्षे उलटलेल्या आणि त्यांपैकी अडतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून हजेरीपट लिहिण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला वयाच्या बाबतीतली भीड नवी नाही. वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेची दरखास्त घेऊन येणारे "दोन वर्षं वाढवा" म्हणतात, आणि त्यांना नाही म्हणण्याची सवय मला झालेली आहे. परंतु पासष्टीच्या उंबरठ्यावर पोचलेल्या, गुडघ्यांना हात लावल्याशिवाय न उठणाऱ्या बाईने तरुण होण्याची इच्छा प्रकट करावी, हे नवीन होते. आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावर ते जितके नवीन तितकेच शहाणपणाचे आहे अशी माझी खात्री झाली. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली. या बाईची जन्मतारीख मीच लिहिलेली आहे. १९६७ साली तिचा बाप तिला पहिलीत घालायला घेऊन आला तेव्हा त्याला एवढेच आठवत होते की पोर झाली त्या दिवशी पहिला पाऊस पडला होता. आणि त्या काळच्या सर्व मास्तरांप्रमाणे मी रजिस्टरात १ जून १९६१ असे लिहून मोकळा झालो. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस १ जूनला येतो, त्यात माझा हातभार थोडाथोडका नाही. दुसरीत असताना ती शाळेतून गेली, लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाऊ लागली, आणि तीस हंगाम कोयता चालवून झाल्यावर आता घरी आहे. मी अंदाजाने लिहिलेली ती तारीख आधारकार्डावर जाऊन बसली आहे; येत्या १ जूनला बाई पासष्ट वर्षे पूर्ण करील आणि त्या दिवशी तिला दरमहा मिळणारे दीड हजार रुपये बंद होतील.

ते पैसे 'लाडकी बहीण' योजनेचे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्रीला, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, दीड हजार रुपये मिळतात. पासष्टीनंतर तिने आपल्या विभागाच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेकडे वळावे अशी अपेक्षा. तेथेही रक्कम तितकीच आहे, २०२३ साली हजाराचे दीड हजार झाले तेव्हापासून. मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये. म्हणजे चौसष्ट वर्षे अकरा महिन्यांची स्त्री अडीच लाखांपर्यंत गरीब, आणि महिनाभराने तीच स्त्री, त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसलेली, एकवीस हजारांच्या वर गेली की सधन! पहिली योजना महिला व बालविकास विभागाची, दुसरी आपली, हे मला ठाऊक आहे. पण दोन्ही दप्तरे एकाच शासनाची आहेत, आणि म्हातारपण हे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली होऊन जाण्याइतके सोपे नसते.

सुखाने, निदान मिंधेपणा न पत्करता, म्हातारपण काढायला महिन्याला किती रुपये लागतात, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. विचारण्याची गरजच पडली नाही. माझे चुलते निजामी अमदानीत तहसील कचेरीत पेशकार होते. त्यांना हाली सिक्क्यात वजीफा मिळे, आणि १९४८ चे पोलीस ॲक्शन, भाषावार प्रांतरचना, मुंबई राज्य, महाराष्ट्र राज्य एवढ्या उलथापालथी झाल्या तरी कुठल्या ना कुठल्या सरकारचा तो कागद त्यांच्या पेटीत जिवंत राहिला. मी २००२ मध्ये निवृत्त झालो. अखेरच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईभत्ता, वेतन आयोग आला की फेरनिश्चिती. आणि ऐंशी ओलांडल्यावर मूळ निवृत्तिवेतनात आणखी भर पडली, कारण वय वाढले की औषधपाणी वाढते हे तत्त्व शासनाने मान्य केलेले आहे. माझ्यापुरते मान्य केलेले आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीस लागलेल्या माझ्या जातभाईंना असे निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप करावा लागला, आणि ज्यांनी कधी कोणाची नोकरीच केली नाही, ज्यांना मुकादमाने उचल दिली आणि कारखान्याने टनावर मजुरी मोजली, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा त्या सकाळी मी माझी हिशेबाची वही काढली, बाईलाच समोर बसवले, आणि नवरा-बायको दोघांचा, धारूरच्या बाजारभावाने, महिन्याचा खर्च मांडायला घेतला. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते ते सोडून दिले. पण तो गहू-तांदूळ, आणि जन्मभर भाकरीवर वाढलेल्या माणसांना ज्वारी लागतेच, तिचे दहा किलोचे चारशे. तूरडाळ, मूग मिळून तीन किलो, साडेतीनशेच्या वर. तेल दोन किलो, तीनशे. दुधापाशी आम्ही अडखळलो. बाई म्हणाली, पावशेर पुरतं. मी म्हटले, तुला पुरत असेल, नवऱ्याला डॉक्टरांनी दूध सांगितले आहे. अर्धा लिटर धरू. असे साडेसातशे झाले तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिच्या घरात उधळपट्टी शिकवत आहे. भाजी, कांदा, मिरची रोजची वीस रुपयांची, चहा-साखर, मीठ-मसाला चारशे, गॅसची टाकी दोन महिन्यांना एक, म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या पुढे, वीज तीनशे, मोबाइल तीनशे, कारण मुलगा कर्नाटकात फडावर असतो आणि बँकेचा निरोप त्याच यंत्रावर येतो. नवऱ्याचा रक्तदाब आणि तिची साखर, दोघांच्या गोळ्या बाराशे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात उपचार स्वस्त आहेत आणि एस.टी.त तिला अर्धे तिकीट आहे, तरी जाणे-येणे आणि तेथला चहापाव मिळून दोनशे. साबण, चपला, एखादे लुगडे, त्याचा धोतरजोडा, वर्षाचा खर्च बारांनी भागून पाचशे.

यानंतर मी "आहेर" असा शब्द लिहिला आणि बाई पहिल्यांदा हसली. "त्यो तर लागतोच की," ती म्हणाली, "लग्नाला हात हलवत कसं जावं?" लेकीच्या घरी जाताना नातवाच्या हातावर ठेवायचे वीस रुपये, पोळ्याचा नारळ, भावकीतले लग्न, मयतीला जायचे भाडे, अशा सगळ्यांचे आम्ही सहाशे धरले. सरकारी कागदात या रकमेला स्थान नसते. पण माझ्या मते म्हातारपण सुखाचे की लाचारीचे हे ठरते ते याच सहाशे रुपयांवर. दुधात काटकसर करून माणूस जगतो. आहेर चुकवून तो भावकीतून उठतो.

बेरीज ६,३४० च्या आसपास आली. तीत घराचे पत्रे, एखादे मोडलेले हाड, मोतीबिंदू यांसाठी पाचवा हिस्सा चढवला तेव्हा आकडा साडेसात हजारांच्या वर गेला. वर्षाचे ९१,००० धरा. घर स्वतःचे, धान्य अर्धे फुकट, चैन शून्य. दोघांनाही श्रावणबाळाचे पैसे मिळाले तर महिन्याला होतात तीन हजार, म्हणजे गरजेच्या निम्मेदेखील नाहीत; आणि ते मिळवण्यासाठी त्यांचे उत्पन्न गरजेच्या चौथाईहूनही कमी असले पाहिजे. उत्पन्नाची मर्यादा महिन्याला साडेसतराशे पडते. तीतून दूध आणि भाजी घेतली की उरतात चारशे. नवरा-बायकोला आपणच देत असलेले छत्तीस हजार उत्पन्नात धरायचे म्हटले, तर आपली योजना आपल्याच लाभार्थ्यांना अपात्र ठरवील.

असा हिशेब करण्याची रीत मी काही शोधून काढलेली नाही. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन गरजेवरून ठरवावे असा ठराव केला: डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारमानाप्रमाणे प्रौढाला २,७०० उष्मांक, माणशी वर्षाला १८ वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती व किरकोळीसाठी वीस टक्के. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात आणखी पंचवीस टक्के घालायला सांगितले, आणि ते कशासाठी, तर शिक्षण, औषधोपचार, करमणूक, लग्नकार्य आणि वार्धक्याची तरतूद यांसाठी. १९५७ च्या त्या गणितात पुरुषाला एक, पत्नीला आठ दशांश आणि मुलाला सहा दशांश असे उपभोगाचे माप ठरवलेले आहे. तीस वर्षे उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकवर चढवणाऱ्या बाईला आठ दशांश कसे, हे परिषदेतील थोरांना विचारायला आता कोणी उरले नाही. पण निदान माप तरी होते; चुलीपासून सुरुवात करून आकड्यापर्यंत जाण्याची शिस्त होती. श्रावणबाळाचे दीड हजार किंवा मर्यादेचे एकवीस हजार कोणत्या चुलीपासून निघाले, हे मला कोणत्याही शासननिर्णयात सापडले नाही. या दीड हजारातही दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धामागे केंद्राचा वाटा दोनशे रुपयांचा आहे, आणि तो २००७ पासून दोनशेच आहे.

आमच्या गावची जी मुले पुण्यात नोकरीला आहेत, ती सुट्टीत आली की निवृत्तीच्या गोष्टी करतात, आणि वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमली की माणूस मोकळा, असे सांगतात. त्या हिशेबाने या बाईला जवळजवळ तेवीस लाख रुपये साठवायला हवे होते. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा ८.२ टक्के दर धरला तरी अकरा लाखांच्या वर मुद्दल लागते. जिच्या आयुष्यात मोठी रक्कम एकदाच, दसऱ्याच्या सुमारास, उचल म्हणून हातात येई आणि पुढचे पाच-सहा महिने अंगाने फेडावी लागे, तिच्यापुढे हा आकडा उच्चारण्याचा धीर मला झाला नाही. हातात येताना जी रक्कम कर्ज असते, तिच्यातून बचत कशी करावी? २०१५ ची अटल पेन्शन योजना किंवा २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना वाईट नाही. पण दोन्हींचे दार चाळिसाव्या वर्षी बंद होते, आणि बाई तेव्हाच चाळिशीच्या पुढे होती. शिवाय २०१५ साली चाळिसाव्या वर्षी अटल योजनेत शिरलेल्या माणसाला २०३५ मध्ये जे कमाल पाच हजार मिळतील, त्यांची किंमत सहा टक्के महागाई धरल्यास त्याच्या भरतीच्या दिवशीच्या जेमतेम साडेपंधराशे रुपयांएवढी असेल. महागाईभत्ता न जोडलेले निवृत्तिवेतन म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ, हे माझ्यासारख्या भत्तेवाल्याने सांगावे यात थोडा निर्लज्जपणा आहे, पण सांगतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती या तालुक्याची आहे. आमच्या तालुक्यात तेलगावला साखर कारखाना आहे. तरीही दिवाळी झाली की वाड्यावस्त्यांना कुलपे लागतात आणि मागे राहतात ती म्हातारी माणसे व लहान पोरे. ज्या कामात शरीर हेच भांडवल, त्या कामातून माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत नाही. मोळी उचलेनाशी झाली की त्या हंगामात होतो, मग वय पन्नास असो की पंचेचाळीस. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हा ही शरीरे केव्हा थकतात हे शासनाला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. अशा स्त्रीला पासष्टीपर्यंत थांब म्हणायचे, आणि पासष्टीला उत्पन्नाचा दाखला मागायचा!

त्या दाखल्याविषयी स्पष्ट लिहितो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात 'एकवीस हजाराचा दाखला' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ उत्पन्न एकवीस हजार आहे असा नसून, तेवढे लिहून आणायचे असा आहे. एक एकर हलक्या जमिनीचे आणि दोन शेळ्यांचे उत्पन्नही प्रामाणिकपणे मांडले तर त्या रेषेपलीकडे जाते, हे लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि अंगठा उठवणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. ज्याने जन्मात कोणाची पै बुडवली नाही, त्या म्हाताऱ्याला शासनदरबारी पहिले पाऊल टाकतानाच असत्य प्रतिज्ञा करावी लागते. आणि जो करत नाही, तो घरी बसतो. माझ्या ओसरीवरच्या बाईचा नवरा अडुसष्ट वर्षांचा आहे. तो दुसऱ्या प्रकारचा आहे.

इंग्रजांचे अनुकरण करावे असे मी सहसा म्हणत नाही, पण १९०८ साली त्यांच्या पार्लमेंटाने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग देताना त्यांनीही उत्पन्नाची मर्यादा घातली होती. योगायोग असा की तो आकडाही एकवीसच होता, वर्षाला एकवीस पौंड. मात्र त्यांनी त्या आकड्यावर सुरी ठेवली नाही. एकवीस पौंडांच्या वर उत्पन्न गेले की पाचाचे चार शिलिंग, आणखी वर गेले की तीन, अशी उतरती श्रेणी लावून साडेएकतीस पौंडांपर्यंत काही ना काही हातावर ठेवले. तेव्हा खरे बोलल्याने माणसाचा एखादा शिलिंग जाई, अख्खी भाकरी जात नसे. एकशे सतरा वर्षांपूर्वी ज्या कारकुनांनी टाकाने हिशेब केले त्यांना ही श्रेणी जमली. मंत्रालयात आता संगणक आहेत.

माझी विनंती फार मोठी नाही. पासष्टी पूर्ण करणाऱ्या स्त्रीचे नाव एका योजनेतून दुसऱ्या योजनेत आपोआप, नवी दरखास्त न मागता जावे. ज्या अडीच लाखांच्या मर्यादेत ती काल होती, त्याच मर्यादेत तिला आणि तिच्या नवऱ्याला आजही धरावे, आणि तिजोरीला ते पेलवत नसेल तर वरच्या उत्पन्नाला उतरती श्रेणी लावावी. दीड हजारांचा आकडा दरवर्षी बाजारभावाने तपासला जावा. त्यासाठी समिती नेमण्यापूर्वी एखाद्या तालुक्यात चार म्हाताऱ्यांच्या समोर बसून वही उघडली तरी पुष्कळ कळेल. ऊसतोड कामगारांसाठी जे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, त्याला टनामागे कारखान्याकडून दहा रुपये आणि शासनाकडून तितकेच मिळावेत अशी योजना आहे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामात सुमारे अडीचशे टन ऊस तोडते. त्या हिशेबाने एका जोडीच्या घामावर वर्षाला पाच हजार रुपये जमा होतात. त्यातला काही भाग त्याच जोडीच्या नावे, महिन्याच्या हप्त्याऐवजी टनाच्या हिशेबाने, म्हातारपणासाठी वेगळा ठेवता येईल की नाही, एवढे पाहावे. आजच्या म्हाताऱ्यांना त्याचा उपयोग नाही. जे आज पंचविशीत फडावर आहेत, त्यांना आहे.

बाईला मी वय कमी लिहून दिले नाही. तिने आग्रह केला नाही; चार सिताफळे ओसरीवर ठेवून ती बाजाराला गेली. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा असे श्रावणबाळाचे दोन अर्ज मी भरून ठेवले आहेत. नाव, गाव, वय, वास्तव्य, सर्व लिहून झाले आहे. जमिनीचे बावीस हजार, शेळ्या व सिताफळांचे चौदा, आणि केंद्र व राज्य शासनाच्या शेतकरी सन्मान निधीचे बारा मिळून त्या घराचे खरे वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार आहे. दोन्ही अर्जांतला उत्पन्नाचा रकाना मी १ जूनपर्यंत कोरा ठेवणार आहे. त्याच्या आत आपला निर्णय कळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
किल्ले धारूर